जपानी लाकूडठशाचं चित्र हातात आलं, तर आधी पाठ बघा

होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रचंड लाट आता मोबाइलच्या कव्हरवर, टी-शर्टवर, कॅफेच्या भिंतीवर, सगळीकडे आहे. त्यामुळे जपानी लाकूडठशांची चित्रं आपल्याला माहीत आहेत असं वाटतं. माहीत असते ती फक्त प्रतिमा. मूळ वस्तू म्हणजे झाडाच्या सालीचा कागद, त्यात मुरलेला पाणरंग आणि मागून घासल्यामुळे कागदावर उमटलेला दाब. यातलं जवळजवळ काहीच स्क्रीनवर दिसत नाही.

असं एखादं चित्र ज्यांच्या हातात पहिल्यांदाच येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुणी ऑनलाइन लिलावात बोली लावायच्या विचारात असेल, कुणाला जपानहून भेट आली असेल. टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर तोझाई लाइननं कुदानशिताला उतरून दहा मिनिटं चाललं की जिंबोचो लागतं. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ही चित्रं गठ्ठ्यांनी चाळता येतात.

चित्र कुणाचं, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी पाठ, मग कागद, मग रेषा, मग रंग. नावावरून सुरुवात केली की माणूस नावाला साजेसं तेवढंच बघतो. आणि चित्रावर ज्याची सही असते तो एकटा कारागीर नव्हताच. त्यानं रेखाटन दिलं. कोरलं दुसऱ्यानं, छापलं तिसऱ्यानं, आणि पैसे घालून हे सगळं जुळवून आणलं प्रकाशकानं. ठसेही प्रकाशकाच्याच मालकीचे असायचे. हातात असलेल्या वस्तूचा बराचसा भाग सही नसलेल्या लोकांनी केलेला आहे.

बसण्याआधी

टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरा. चहाचा कप दुसऱ्या खोलीत. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च (मोबाइलची चालेल), प्लास्टिकची पट्टी आणि टिपणं काढायला पेन्सिल घ्या. पेन जवळपास नको. हात साबणानं धुऊन अगदी कोरडे करा. पांढरे सुती हातमोजे टीव्हीवर छान दिसतात, पण त्यांनी बोटांची जाण जाते आणि कागदाची कड अडकून फाटायची भीती वाढते. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती इथे सोडा. जुन्या पिवळ्या रंगात हरताळ असू शकतो, म्हणजे आर्सेनिक.

कागद दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कडांना धरून उचला, एका कोपऱ्याला धरून कधीच नाही. चित्र फ्रेममध्ये असेल आणि विकणारा ते बाहेर काढून दाखवायला तयार नसेल, तर नमस्कार करून निघा. काचेमागची वस्तू तपासता येत नाही, आणि फ्रेमनं नेमका समास झाकलेला असतो.

पायरी १: उलटं करा

खऱ्या प्रतीत रंग मागे झिरपलेला दिसतो. निळा, काळा, लाल, सगळ्यांच्या आकृती पाठीवर अंधूक उमटलेल्या असतात. जपानी छपाईत रंग कागदावर थर होऊन बसत नाही, तो तंतूंमध्ये शिरतो. याचं कारण छपाईच्या पद्धतीत आहे.

छापणारा कारागीर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची थोडी खळ ठशावर घालतो आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशनं ते दोन्ही ठशावरच एकजीव करतो. खळ कमी पडली तर रंग ठिपक्याठिपक्यांचा उमटतो, जास्त झाली तर चिकट होऊन कडा भरून जातात. मग आदल्या दिवशीच ओलसर करून ठेवलेला कागद वरून टेकवतो आणि त्याच्या पाठीवर 'बारेन' फिरवतो. प्रेस वगैरे काही नाही. सगळा जोर खांद्यातून हातात आणि हातातून बारेनमध्ये.

हे बारेन म्हणजे मोठ्या फुलक्याएवढी चकती. वरून बघून तिच्या आत काय दडलंय याची कल्पना येत नाही. बांबूच्या कोंबावरची साल बारीक चिरून, तिचे धागे पिळून दोरी वळतात आणि ती दोरी चकलीच्या वळशांत गुंडाळून सपाट बसवतात. दोरीची प्रत्येक गाठ हा एक दाबबिंदू असतो. तिच्यामागे कागदाचे अनेक थर एकावर एक चिकटवून लाखेनं कडक केलेली तबकडी, आणि सगळ्यावरून बांबूच्या सालीचंच ताणून बांधलेलं वेष्टण. वेष्टण झिजलं की कारागीर स्वतः नवं बांधतो. ते सरकावं म्हणून कॅमेलियाच्या तेलाचं बोट फिरवतो. जाड दोरीचं बारेन मोठ्या सपाट रंगासाठी, बारीक दोरीचं नाजूक रेषांसाठी.

पाठीवर टॉर्च तिरपी धरली की या बारेनच्या खुणा दिसतात. कधी नागमोडी, कधी गोलाकार चकाकणारे ओरखडे. मोठ्या रंगीत भागाच्या मागे त्या सर्वांत स्पष्ट. पाठ कोरी, गुळगुळीत आणि एकसारखी पांढरी असेल तर हातात बहुधा यंत्रावरची छपाई आहे. बहुधा एवढ्यासाठी म्हणतो, की पुष्कळ जुन्या चित्रांना मागून दुसरा कागद चिकटवलेला असतो. अशा वेळी पाठ बोलत नाही आणि पुढच्या पायऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पाठीवर आणखीही गोष्टी सापडतात: किड्यांची भोकं आणि ती बुजवलेल्या जागा, अल्बमला चिकटवल्याचे डाग, मधोमध घडीची रेघ. सगळं टिपून ठेवा.

पायरी २: उजेडासमोर धरा

आता खिडकीसमोर धरा, थेट उन्हात मात्र नको. लांब, एकमेकांत गुंतलेले तंतू दिसायला हवेत. हा कागद 'कोझो'चा, म्हणजे तुतीच्या कुळातल्या एका झाडाच्या आतल्या सालीचा. साल उकळून, कुटून, पाण्यात पसरवून बांबूच्या चटईच्या चाळणीवर धरतात. चटईच्या काड्यांच्या समांतर रेघाही उजेडात दिसतात. लाकडाच्या लगद्याच्या कागदात तंतू आखूड असतात. तो वीस-पंचवीस वेळा ओला राहून घासणं सोसणार नाही. कोझो सोसतो, म्हणूनच हा सगळा प्रकार शक्य झाला.

चांगल्या छपाईसाठी 'होशो' नावाचा जाडसर, मऊ, पांढरा कागद वापरत. तो मुख्यतः एचिझेनचा, म्हणजे आजच्या फुकुई प्रांतातला, आणि तिथे तो आजही हातानं तयार होतो. कोरा होशो शाई इतकी पितो की रेषा फुटते. म्हणून छपाईआधी त्याच्यावर सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात देतात. हे प्रमाण पावसाळ्यात वेगळं, हिवाळ्यात वेगळं. तुरटीच्या आम्लानं कागद कालांतरानं पिवळसर पडतो, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र पांढराशुभ्र कागद घेऊन आलं तर दोन शक्यता: कुणी तरी ते ब्लीच केलंय, किंवा ते तेवढं जुनं नाही.

पायरी ३: मोजा

ही झटपट उरकायची गोष्ट. सर्वांत नेहमीचा आकार 'ओबान', साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटर. त्याच्या निम्मा 'चूबान'. खांबावर लावायच्या चित्रांचा आकार सत्तर सेंटीमीटरहून उंच आणि जेमतेम बारा-तेरा रुंद. ओबान दिसणारं चित्र दोन्ही बाजूंनी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी भरलं तर समास कापलाय. कापलेलं चित्र खोटं ठरत नाही, पण किंमत उतरते. आकाराचं भलतंच गणित निघालं, म्हणजे लाट ए-थ्री मापात आली, तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

पायरी ४: काळ्या रेषेवर भिंग ठेवा

इथे वेळ घालवा. माझ्या मते या कलेतलं सर्वांत अवघड काम इथेच आहे, आणि नवखा माणूस रंगांच्या नादात ते ओलांडून जातो.

ठसा जंगली चेरीच्या लाकडाचा. चेरी कठीण, घट्ट आणि एकसारख्या पोताची, त्यामुळे बारीक रेषा तुटत नाही. फळी झाडाच्या लांबीनं कापलेली असते. चित्रकारानं पातळ कागदावर काढलेलं अंतिम रेखाटन खळीनं त्या फळीवर पालथं चिकटवत. मग बोटानं चोळून मागचे तंतू काढत आणि तेलाचा हात फिरवत, म्हणजे रेघ स्वच्छ दिसे. त्यातूनच थेट कोरायचं. मूळ रेखाटन त्यात नष्ट होतं. म्हणून 'होकुसाईचं मूळ चित्र कुठे आहे?' हा प्रश्न लाटेबाबत लागू पडत नाही. ते पहिल्याच कारागिराच्या सुरीखाली संपलं.

कोरणारा रेषा कोरत नाही, रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढतो. सुरीचा एक काप रेषेच्या या अंगाला, एक त्या अंगाला, मग गोल पटाशीनं आणि ठोकणीनं मधलं लाकूड उडवायचं. उरतो तो उभा कंगोरा, आणि त्यालाच शाई लागते. शिकाऊ मुलं आधी मोकळ्या जागा साफ करत, मग कपड्यांच्या रेषा. चेहरा आणि केस कारखान्यातल्या मुख्य कोरणाऱ्याकडे. रात्री दिव्यापुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड नेमका सुरीच्या टोकावर पाडत.

भिंग घेऊन स्त्रीच्या कपाळावर जा, जिथे केस सुरू होतात. चांगल्या प्रतीत प्रत्येक केस मुळाशी सुटा, टोकाला निमुळता, आणि मिलिमीटरभर जागेत एकाहून जास्त. सगळा केस म्हणजे लाकडाचा सोडलेला कंगोरा, हे लक्षात ठेवून बघा. कुनिसादा या चित्रकाराच्या नटांच्या आणि स्त्रियांच्या चित्रांत हे काम नेहमी बघायला मिळतं. त्याची चित्रं अफाट संख्येनं छापली गेली, त्यामुळे तीन भागांच्या चित्रातला एखादा सुटा भाग आजही त्या मानानं परवडतो. पहिली खरेदी हीच करावी असं मी सुचवीन: नाव फार मिरवायला नाही, पण कारागिरी अस्सल.

दुसरा नमुना हिरोशिगे या चित्रकाराचा: ओहाशी पुलावरचा अचानक आलेला पाऊस, १८५७ सालचं चित्र, एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, शंभर दृश्यांच्या मालिकेतलं. पावसाच्या त्या लांबच लांब सरींसाठी दोन वेगळे ठसे आहेत, सरींचा कल किंचित निराळा. केसाएवढा कंगोरा फळीच्या वरपासून खालपर्यंत न तुटता सोडायचा, आणि तोही एकदा नाही. १८८७ मध्ये व्हिन्सेंट व्हान गॉगनं हे चित्र तैलरंगात उतरवून पाहिलं. त्याच्या कॅनव्हासवर पाऊस ब्रशच्या फटकाऱ्यांचा आहे. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघा, सुरीचं काम आणि ब्रशचं काम यांतला फरक चटकन कळतो.

भिंगाखाली आणखी एक परीक्षा. रेषेच्या कडेला रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेट छपाई. वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरा, मग जाळी म्हणजे काय ते एकदाच डोळ्यांत बसेल. ठशाच्या छपाईत जाळी नसते. रंग सलग असतो, आणि कुठे कुठे लाकडाच्या रेषा दिसतात.

रेषा जाड, बोथट, मधेच तुटलेली असेल तर ठसा झिजल्यानंतरची प्रत आहे. लाटेच्या चित्रात डावीकडे वर शीर्षकाची चौकट आहे. तिची डावी रेघ उशिराच्या प्रतींत तुटलेली दिसते. अभ्यासक अशा तुटींवरून कोणती प्रत आधीची ते लावतात.

पायरी ५: रंग आपापल्या जागी बसलेत का

प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा. मुख्य ठशावरून काळ्या रेषेच्या प्रती काढायच्या, चित्रकार त्यांच्यावर कुठे कोणता रंग ते दाखवून द्यायचा, आणि त्या प्रती चिकटवून पुढचे ठसे कोरायचे. लाकूड वाचवायला फळीच्या दोन्ही बाजू वापरत. मग दहा-पंधरा छापांत कागद हलू नये कसा?

उत्तर 'केंतो'. प्रत्येक ठशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काटकोनाची उथळ खाच, आणि खालच्याच कडेला डावीकडे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा एकीत, कड दुसरीत, बास. सुझुकी हारुनोबूच्या १७६५ च्या सुमाराच्या चित्रांपासून बहुरंगी छपाई रुळली ती याच दोन खाचांच्या भरवशावर. ओला कागद फुगतो, सुकताना आक्रसतो, आणि लाकूडही हवा बघून हलतं. म्हणून कागदाचा ओलावा सगळ्या छापांत सारखा ठेवावा लागतो आणि छापता छापता केंतोत बारीक दुरुस्ती करावी लागते.

तुम्ही बघायचं ते एवढंच: लाल ओठ ओठांच्या रेषेत आहेत की गालावर सरकलेत? किमोनोचा रंग कडेबाहेर पांढरी फट सोडतोय का? अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे माफ. जास्त सरकलं असेल तर घाईत, मोठ्या संख्येनं काढलेली प्रत. ही चित्रं काही राजवाड्यांसाठी नव्हती. १८४० च्या दशकात सरकारनं एका चित्राची किंमत सोळा मोनच्या (मोन हे तेव्हाचं नाणं) आत ठेवायचा हुकूम काढला होता, म्हणजे सोबा शेवयांच्या एका वाडग्याएवढी. तेव्हा घाईच्या प्रती निघायच्याच.

पायरी ६: रंग काय सांगतात

या पायरीवर आपल्या घरातली नावं भेटतात. काळा म्हणजे काजळीची शाई. नारिंगी म्हणजे शेंदूर, शिशाचा, म्हणूनच जुन्या चित्रांत तो कधी काळपट पडलेला दिसतो. गेरू, हिंगूळ, नीळ, हरताळ, शिंपल्यांची पांढरी पूड, सगळे आहेत. नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा करत.

गुलाबी-लाल 'बेनी' करडईच्या पाकळ्यांचा. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात तेलासाठी पेरतात तीच ही वनस्पती. जपानात यामागाताच्या मोगामी भागात ती रंगासाठी लावत. रंग सुरेख, पण उजेडापुढे टिकत नाही. लाटेमागच्या आकाशात मुळात फिकट गुलाबी छटा होती. बहुतेक प्रतींत ती उडून गेली आहे.

त्याहून नाजूक निळा एका रानफुलाचा, आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणाऱ्या केन्याच्याच जातीतल्या. त्याचा रस कागदात मुरवून कागद साठवत आणि लागेल तेव्हा भिजवून रंग काढत. हा निळा पाण्याच्या थेंबानंही जातो, आणि उजेडात राहून राखाडी-पिवळट होतो. त्यामुळे अठराव्या शतकातल्या चित्रातलं बदामी आकाश किंवा नदी मुळात निळी असण्याची शक्यता मोठी. करडई आणि हा निळा मिसळून केलेला जांभळा तपकिरी होऊन बसतो.

मग आला प्रशियन निळा. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेत भरभरून वापरला गेला. मालिकेचं नाव छत्तीस दृश्यांचं, चित्रं शेवटी शेहेचाळीस. पहिल्या छत्तिसांत बाह्यरेषासुद्धा काळी नसून निळी, नंतरच्या दहांत काळी. हा रंग टिकाऊ, गडद आणि पाण्यात पातळ करत नेला तरी सुंदर. तो सापडला म्हणजे चित्र साधारण १८३० नंतरचं धरायला हरकत नाही. आणि डोळ्यांत खुपणारा गर्द लाल किंवा जांभळा दिसला तर १८६० च्या दशकानंतर आयात झालेले रासायनिक रंग. तो लाल ओलाव्यानं पसरतो, त्यामुळे भोवती गुलाबी धुकं दिसतं का बघा.

चकचकीत रंग म्हणजे चांगली प्रत, हा गैरसमज इथेच सोडलेला बरा. फ्रेमच्या किंवा घडीच्या आत झाकलेली पट्टी आणि उघडा भाग यांच्या रंगांची तुलना करा. किती उडालाय ते तिथे कळतं. ओलं बोट किंवा कापसाचा बोळा लावून कधीही तपासू नका.

रंगाच्या उतरत्या छटेला 'बोकाशी' म्हणतात. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळी पट्टी खाली येत विरते, ती. ती ठशात कोरलेली नसते. ठसा सपाटच असतो. छापणारा ओल्या फडक्यानं ठसा पुसतो, ब्रशच्या एका कडेलाच रंग घेतो आणि लाकडावर रंग पसरवत नेतो. प्रत्येक कागदासाठी नव्यानं. म्हणून दोन प्रतींची बोकाशी कधी तंतोतंत सारखी नसते, आणि प्रकाशकाला खर्च वाचवायचा असला की पहिली कात्री तिलाच लागायची. उशिराच्या प्रतींत आकाश नुसतं सपाट दिसतं ते त्यामुळे.

पायरी ७: टॉर्च आडवी धरा

खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च कागदाच्या पातळीत, कडेनं मारा. कोऱ्या वाटणाऱ्या पांढऱ्या जागेत किमोनोची नक्षी, बर्फ, पक्ष्याची पिसं उठून आली तर ती रंगाविना केलेली छपाई. ठशाला रंग न लावता ओला कागद जोरात दाबलेला असतो. काळ्या कपड्यावर कडेच्या उजेडात चमकणारी नक्षी दिसली तर तिथे चित्राच्या पुढच्या बाजूनं घासून लकाकी आणलेली असते. शाराकू या चित्रकाराच्या १७९४ मधल्या नटांच्या मोठ्या चेहऱ्यांमागे गडद पार्श्वभूमी आहे, तिच्यात अभ्रकाची पूड आहे. चित्र हलवलं की मागचा रंग जिवंत होतो. छापील पुस्तकात हाच भाग नुसता मातकट राखाडी दिसतो, आणि मग लोक विचारतात की यात एवढं काय आहे!

काचेत दाबून, ओलं करून सपाट केलेल्या चित्रांत हा उठाव मेलेला असतो. इस्त्री फिरवलेली चित्रंही पाहण्यात येतात. इलाज नाही.

पायरी ८: शिक्के आणि सह्या

जपानी वाचता येत नसली तरी पुष्कळ कळतं. १७९० च्या सुमारास मंजुरीचा शिक्का सक्तीचा झाला. छोटा गोल 'किवामे' शिक्का दिसला तर चित्र त्यानंतरचं आणि १८४२ च्या आधीचं. मग तपासनिसांच्या नावांचे शिक्के आले. १८५० च्या दशकात तारखेचेही आले: बारा प्राण्यांपैकी वर्षाचा प्राणी आणि महिन्याचा आकडा. पुलावरच्या पावसाच्या चित्रावर सापाचं वर्ष आणि नववा महिना आहे, म्हणजे १८५७. १८७५ नंतर ही पद्धत बंद झाली. चिन्हांचे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. एक मोबाइलमध्ये ठेवा.

प्रकाशकाची खूणही शोधा. शाराकूचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याची खूण फुजीच्या शिखराखाली आयव्ही या वेलीचं पान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कधीकधी कोरणाऱ्याचाही छोटा शिक्का असतो. तो असला की मला हमखास आनंद होतो.

पायरी ९: ही नेमकी कोणती प्रत?

आता निकाल. शक्यता साधारण अशा. मूळ ठशांवरची, चित्रकाराच्या हयातीतली प्रत. त्याच ठशांवरची उशिराची, झिजलेली प्रत. नव्यानं ठसे कोरून केलेली प्रत, म्हणजे लाकूड, कागद, बारेन सगळं अस्सल, ठसा मात्र नवा. आणि यंत्रावरची नक्कल.

तिसऱ्या प्रकाराला नाक मुरडू नका. टोकियोतली आदाची ही संस्था जुनी चित्रं नव्यानं कोरून उघडपणे तशीच विकते. उडालेले रंग मुळात कसे होते हे बघायचं असेल तर अशी प्रत फार उपयोगी. अडचण तेव्हा येते जेव्हा कुणी ती शंभर-दीडशे वर्षं जुनी म्हणून विकतो. जुन्या चित्राला नवा पांढरा कागद, कडक आणि निर्जीव रेषा, ताजे एकसारखे रंग दिसले तर विचारा.

विसाव्या शतकातल्या चित्रांना वेगळा नियम. १९०४ मध्ये यामामोतो कानाएनं मासेमारी करणाऱ्या कोळ्याचं चित्र स्वतःच रेखाटलं, स्वतःच कोरलं, स्वतःच छापलं, आणि कामाची जुनी वाटणी मोडणारी एक चळवळ सुरू झाली. दुसरीकडे वातानाबे शोझाबुरोसारख्या प्रकाशकानं जुनी वाटणी टिकवून कावासे हासुईची चित्रं काढली. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्याचे ठसे गेले, म्हणून त्याआधीच्या प्रती दुर्मीळ.

आपल्याला जवळचा वाटावा असा माणूस योशिदा हिरोशी. तो १९३०-३१ मध्ये भारतात फिरून गेला आणि परतल्यावर ताजमहाल, बनारस, उदयपूर यांच्याबरोबर अजिंठा आणि वेरूळचीही लाकूडठशाची चित्रं केली. अजिंठ्याच्या लेण्यातला अर्धवट उजेड ठशांवर ठसे चढवून कसा उभा केलाय, ते छत्रपती संभाजीनगरकडच्या (पूर्वीच्या औरंगाबादकडच्या) माणसानं तरी एकदा बघावंच. ताजमहालाची दिवसाची आणि रात्रीची चित्रं तर त्याच ठशांवर नुसते रंग बदलून काढली आहेत. त्याच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रतीवर डाव्या समासात 'जिझुरी' (म्हणजे 'स्वतः छापलेलं') हा शिक्का असतो आणि खाली पेन्सिलची सही. १९५० मध्ये तो गेल्यावर कुटुंबानंही त्या ठशांवरून प्रती काढल्या. त्यांच्यावर जिझुरी नाही आणि सही पेन्सिलची नाही. दोन्हींच्या किमतीत मोठं अंतर आहे, म्हणून समास झाकलेला फोटो बघून पैसे पाठवू नका.

विकत घेण्याआधी त्याच चित्राच्या चार-पाच संग्रहालयातल्या प्रती ऑनलाइन उघडून शेजारी ठेवा. मेट्रोपॉलिटन, ब्रिटिश म्युझियम, बॉस्टनचं ललितकला संग्रहालय, अमेरिकेची काँग्रेस लायब्ररी, सगळीकडे मोठे करून बघता येणारे फोटो फुकट आहेत. तीच तूट, तीच रेघ, तोच ढग शोधा. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा या अर्ध्या तासानं जास्त कळतं. टोकियोत असाल तर हाराजुकूचं ओता संग्रहालय बघा. रंग उडू नयेत म्हणून तिथली चित्रं सतत बदलत असतात, म्हणून जायच्या आधी काय लावलंय ते पाहून जा.

घरी आणल्यावर

लॅमिनेशन नाही. सेलोटेप नाही. फेविकॉल नाही. कोपऱ्यातल्या फ्रेमवाल्याला हे तीनही तोंडी सांगा आणि पुठ्ठा आम्लरहितच हवा असं बजावून सांगा. साध्या पुठ्ठ्याचं आम्ल काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी चौकट काढतं. चित्र पुठ्ठ्यावर बसवायचं ते वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं, म्हणजे कधीही सोडवता येतं. काच चित्राला टेकता कामा नये.

भिंत निवडताना ऊन आणि ओल दोन्ही टाळा. बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत, गॅलरीसमोरची भिंत बाद. संग्रहालयं अशी चित्रं ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात, आणि तीही काही महिनेच लावतात. घरीही दोन-तीन चित्रं आलटून पालटून लावावीत.

मुंबई-कोकणात पावसाळा हा खरा शत्रू. जून उजाडायच्या आत चित्रं भिंतीवरून उतरवून आम्लरहित कागदात, सपाट ठेवा. गुंडाळी नको. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या बदलत राहा, ओल्या पुडीचा काही उपयोग नाही. डांबराच्या गोळ्या कागदाला लागतील अशा ठेवू नका. कसर खळीवर येते, आणि या चित्रांत खळ रंगातच आहे. म्हणून महिन्यातून एकदा पेटी उघडून, चित्र दोन्ही हातांनी उचलून, पुढून आणि मागून बघून घ्या. बुरशीचा ठिपका दिसला तर घासायचा नाही. ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं करायचं, कोरड्या हवेशीर खोलीत सपाट ठेवायचं आणि कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवायचं.